दोन पंपांचे गणित
स्वनिर्मित विमानांतील विद्युत् इंधनपंप आणि विश्वसनीयतेची कल्पना

१

'विश्वसनीयता' हा शब्द आपल्या तांत्रिक लेखनात आता रुळला आहे. परंतु शब्द रुळला म्हणजे कल्पना रुळली असे होत नाही. एखादा भाग विश्वसनीय आहे असे आपण म्हणतो, त्याच्या जोडीला तसाच दुसरा भाग बसविला की सारी व्यवस्था कितीतरी पटींनी विश्वसनीय झाली असे मानतो, आणि तेथेच विचार थांबवितो. या समजुतीची चिकित्सा प्रस्तुत लेखात एका मर्यादित क्षेत्रापुरती करावयाची आहे. ते क्षेत्र म्हणजे कारखान्याबाहेर एखाद्या व्यक्तीने स्वतः बांधलेली लहान विमाने, त्यांत बसविलेली इंधन-अंतःक्षेपणाची एंजिने, आणि त्या एंजिनांना पेट्रोल पुरविणारे विद्युत् पंप. क्षेत्र लहान खरे. पण येथे कल्पनेतील चूक कागदावर राहत नाही. उड्डाणानंतर ९० मीटर उंचीवर एंजिन बंद पडले आणि विमान सेकंदाला साडेतीन मीटर या वेगाने खाली येऊ लागले, तर वैमानिकाच्या हाती सुमारे पंचवीस सेकंद असतात. कृष्णाकाठी तर त्या पंचवीस सेकंदांच्या शेवटी पुरुषभर उंचीहून अधिक वाढलेला ऊस उभा असतो.

हा विषय आपल्या भागाला परका आहे, असे समजण्याचे कारण नाही. कॅप्टन अमोल यादव हे मूळचे सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादवांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाची अनुमती मिळाली, आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत गेले. एका माणसाच्या चिकाटीचे हे उदाहरण मराठी वाचकांनी कौतुकाने वाचले, आणि ते कौतुक रास्तच होते. तथापि अशा लेखनातून वाचकाच्या मनात जे चित्र उरते ते धैर्याचे, खर्चाचे आणि परवानगीसाठी मारलेल्या फेऱ्यांचे असते. टाकीतील पेट्रोल एंजिनापर्यंत कोणत्या मार्गाने जाते आणि तो मार्ग कोठे तुटू शकतो, हा प्रश्न त्या चित्रात शिरत नाही. यादवांच्या विमानाच्या रचनेची समीक्षा करणे हा येथील हेतू नव्हे. त्यांच्यानंतर पाटण, कऱ्हाड, विटे किंवा मिरज येथून जो कोणी या कामास हात घालील, त्याला ज्या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागेल, त्या प्रश्नाची ही चिकित्सा आहे.

२

प्रथम पंपाची गरज कोठून निर्माण झाली ते पाहू. ज्या विमानाचे पंख वर आणि एंजिन त्याखाली असते, त्यात पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरते. सेसना १५२ हे प्रशिक्षणाचे सुपरिचित विमान याच तत्त्वावर चालते. त्याच्या कार्ब्युरेटरला पंपाची आवश्यकता नसते. पंख खाली असले की टाकी एंजिनाच्या खाली जाते आणि पंप अपरिहार्य होतो. तरीही कार्ब्युरेटरची मागणी माफक असते. लायकॉमिंगच्या कार्ब्युरेटर असलेल्या ओ-३२० एंजिनास चौरस इंचास अर्धा ते आठ पौंड एवढा दाब चालतो. त्याच निर्मात्याच्या यांत्रिक अंतःक्षेपणाच्या आयओ-३६० एंजिनास किमान चौदा पौंड लागतात. आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखालील अंतःक्षेपणात, उदाहरणार्थ २०१२ मध्ये बाजारात आलेल्या रोटॅक्स ९१२ आयएस या एंजिनात, सुमारे तीन बार, म्हणजे चौरस इंचास त्रेचाळीस-चव्वेचाळीस पौंड दाब सतत राखावा लागतो.

या आकड्यांतून एक गुणात्मक बदल सूचित होतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडे पेट्रोल साठलेले असते. पुरवठा थांबला तरी एंजिन त्यावर काही सेकंद चालते, आणि त्या सेकंदांत सावध वैमानिक दुसऱ्या टाकीकडे वळतो किंवा साहाय्यक पंप चालू करतो. अंतःक्षेपणात असा साठा नाही. नळीतील दाब गेला की एंजिन जवळजवळ त्याच क्षणी गप्प होते. दुसरे असे की, जुन्या व्यवस्थेत मुख्य पंप एंजिनानेच फिरविलेला असे आणि विद्युत् पंप केवळ मदतीस असे. एक यंत्राच्या गतीवर चाले, दुसरा बॅटरीवर. इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपण असलेल्या अनेक स्वनिर्मित विमानांत एंजिनावर चालणारा पंप उरतच नाही. त्याच्या जागी दोन विद्युत् पंप येतात, आणि 'एक गेला तर दुसरा आहे' असे म्हटले जाते. आपल्या चिकित्सेचा विषय नेमके हे वाक्य आहे.

३

या वाक्यामागील गणित सर्वांना परिचित आहे. एका उड्डाणात एक पंप बिघडण्याची शक्यता हजारात एक आहे, असे केवळ उदाहरणादाखल धरू. दोन्ही पंप एकाच उड्डाणात बिघडण्याची शक्यता काढताना आपण गुणाकार करतो आणि दहा लाखांत एक हे उत्तर लिहितो. उत्तर सुंदर आहे. पण त्या गुणाकाराला एक अट आहे. दोन्ही घटना परस्परांपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. पाठ्यपुस्तकात ही अट एका ओळीत येते आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत बहुधा येतच नाही.

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गाच्या तोंडी परीक्षेत प्रस्तुत लेखकाने हाच प्रश्न विचारला होता. सर्व विद्यार्थ्यांनी तत्परतेने गुणाकार केला. वाळवे तालुक्यातील नदीकाठच्या गावाहून आलेला एक विद्यार्थी मात्र थांबला आणि म्हणाला, "सर, मोटारी दोन असल्या तरी डीपी एकच असतो. लाइट गेली की दोन्ही बंद." त्याला पुढचे सूत्र मांडता आले नाही, म्हणून त्याला गुण कमी मिळाले. ते देणारा परीक्षक प्रस्तुत लेखकच होता. त्या दिवशी वर्गात प्रश्न खऱ्या अर्थाने समजलेला तो एकटाच होता, हे उमगण्यास परीक्षकाला बराच काळ लागला.

त्या विद्यार्थ्याने जे सांगितले त्यास शास्त्रात 'सामाईक कारणाने होणारा बिघाड' म्हणतात. अणुभट्ट्यांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्यांनी १९७० च्या दशकात त्यासाठी एक साधा गुणक रूढ केला: एका भागाच्या एकूण बिघाडांपैकी किती अंश बिघाड जोडीच्या भागालाही त्याच वेळी निकामी करतात, त्याचे हे माप. वरील उदाहरणात हा अंश केवळ एक-दशांश धरला, तरी दोन्ही पंप एकदम जाण्याची शक्यता दहा हजारांत एक एवढी होते. म्हणजे गुणाकाराने दिलेल्या आश्वासनाच्या शंभरपट. अधिक चांगला पंप आणून हे अंतर भरून निघत नाही. हजारात एकऐवजी दोन हजारांत एक बिघडणारा पंप घेतला तर धोका निम्मा होईल. परंतु सामाईक अंश एक-दशांशावरून एक-शतांशावर आणला तर तो जवळजवळ एक-दशांशावर येईल. निर्मात्याचे श्रम कोठे खर्ची पडावयास हवेत, याचे उत्तर या दोन वाक्यांत आहे.

४

आता ही सामाईक कारणे कोणती ते क्रमाने पाहू.

पहिले कारण वीज. दोन पंपांना दोन बटणे असतात, दोन फ्यूज असतात. पण दोन्ही तारा मागे एकाच पट्टीवर, एकाच मुख्य स्विचमागे, एकाच बॅटरीस जोडलेल्या असतात. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की, दोन्ही पंपांची परतीची तार विमानाच्या सांगाड्यावर एकाच बोल्टाखाली आवळलेली असते. तो बोल्ट सैल झाला किंवा तेथे गंज चढला की दोन्ही पंप एकदम थांबतात, आणि फ्यूज मात्र शाबूत दिसतात. विद्युत्‌जनित्र बंद पडले तर उरते ती बॅटरी. सोळा अँपिअर-तास असे छापलेली बॅटरी पंप, अंतःक्षेपक, प्रज्वलन आणि नियंत्रक यांचा मिळून पंधरा अँपिअर भार ओढत असेल, तर भागाकाराने तास-सव्वा तास येतो. प्रत्यक्षात जुनी बॅटरी, तिची अपुरी भरती आणि उतरत जाणारा दाब यांमुळे अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक भरवसा ठेवू नये. येथे रोटॅक्सच्या उपरोक्त एंजिनाची रचना अभ्यासण्याजोगी आहे. तीत पंप दोन आहेत, नियंत्रणाचे मार्ग दोन आहेत, आणि त्याबरोबरच जनित्रेही दोन आहेत: एक एंजिनाच्या स्वतःच्या गरजांसाठी, दुसरे विमानाच्या इतर उपकरणांसाठी. पंप दुप्पट करणाऱ्याने वीजही दुप्पट केली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. स्वनिर्मित विमानांत बहुधा पहिली गोष्ट उचलली जाते आणि दुसरी राहून जाते.

दुसरे कारण उष्णता आणि बाष्प. पंप पेट्रोल ढकलू हवे तितके शकतो; ओढताना मात्र त्यास वातावरणाच्या दाबाची मर्यादा पडते. ही गोष्ट कृष्णाकाठच्या शेतकऱ्यास पुस्तकावाचून ठाऊक असते. नदीचे पाणी उतरले की तो मोटार खाली सरकवितो, कारण पाण्याचा स्तंभ दहा मीटरांपलीकडे ओढला जात नाही आणि व्यवहारात सहा-सात मीटरांतच पंप हवा धरतो. पेट्रोलची अडचण पाण्याहून बिकट आहे, कारण ते सहज उकळते. ३७.८ अंश सेल्सिअस या प्रमाण तापमानाला विमानाच्या पेट्रोलचा बाष्पदाब ३८ ते ४९ किलोपास्कल राखलेला असतो. मोटारीच्या पेट्रोलचा तो ६० किलोपास्कल धरला, तर ५० अंशांना तो सुमारे ८५ ते ९० किलोपास्कलांपर्यंत चढतो. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल असतो. एप्रिलच्या दुपारी धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानातील तापलेल्या पेट्रोलास ओढण्यासाठी पंपाजवळ उरतात ते केवळ पाच ते दहा किलोपास्कल. गाळणी, वळणे, निवडझडप आणि टाकीपर्यंतची उंची यांत ते सहज संपतात. तेच पेट्रोल पुरेसे न निवता ३,००० मीटरांवर गेले, तर तेथे हवेचा दाब सुमारे ७० किलोपास्कलच उरलेला असतो. तेव्हा ओढण्याचा प्रश्नच न राहता ते टाकीतच उकळू लागते.

या बाबतीत दोन पंप असल्याने काहीही साधत नाही. दोन्ही पंपांना तेच तापलेले पेट्रोल मिळते आणि दोन्ही एकाच वेळी वाफ गिळतात. उलट एका बाजूने दुसरा पंप स्थितीत भरच घालतो. इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपणात पंप एंजिनाच्या गरजेच्या अनेक पट पेट्रोल फिरवितो आणि उरलेले टाकीत परत येते. पंप तासाला १२० लिटर तीन बार दाबाने ढकलत असेल, तर प्रत्यक्ष दाबाचे काम दहा वॅट भरते. पण बारा व्होल्टांवर पाच अँपिअर घेणारा पंप साठ वॅट खातो, आणि पंप पेट्रोलात बुडालेला असेल तर ही जवळजवळ सारी ऊर्जा अखेर पेट्रोलातच उष्णतेच्या रूपाने जाते. टाकीत वीस लिटर शिल्लक असताना, उष्णता बाहेर जाण्यास वाव नाही असे धरल्यास, तापमान तासाला सुमारे सात अंश या वेगाने वाढेल. दोन्ही पंप एकदम चालविले तर चौदा अंशांनी. एंजिनाजवळून फिरून येणाऱ्या पेट्रोलाची उष्णता याहून वेगळी.

तिसरे कारण इंधनाची प्रकृती. सातारा-सांगली हा साखर कारखान्यांचा प्रदेश आहे, आणि येथील मळीपासून व उसाच्या रसापासून निघणारे इथेनॉल आता देशभर पेट्रोलात मिसळले जाते. २०२२ मध्ये मिश्रणाचे प्रमाण दहा टक्क्यांवर पोहोचले, २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे धोरण इष्ट असेलही. स्वस्त म्हणून पंपावरचे पेट्रोल वापरू पाहणाऱ्या विमाननिर्मात्यास मात्र त्याचा वेगळा विचार करावा लागेल. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले आणि तापमान उतरले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते. काही प्रकारची रबरे त्याने फुगतात किंवा मऊ होतात. शुद्ध पेट्रोल विजेचे जवळजवळ अवाहक असते. इथेनॉलयुक्त पेट्रोल तसे राहत नाही, आणि पंपाच्या मोटारीतील तांब्याच्या भागांची झीज त्यामुळे वाढू शकते. हे सर्व परिणाम दोन्ही पंपांवर सारखेच आणि एकाच काळात होतात.

चौथे कारण जुळेपणा. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतलेले दोन पंप हे स्वतंत्र नमुने नव्हेत. याचे मोठे उदाहरण मोटारउद्योगानेच पुरविले आहे. डेन्सो या ख्यातनाम जपानी उत्पादकाच्या काही इंधनपंपांतील प्लास्टिकचे फिरते चक्र अपेक्षेहून कमी घनतेचे झाले होते. ते पेट्रोल शोषून फुगे आणि पंपाच्या आवरणास घासून अडके. त्यामुळे २०२० मध्ये अनेक कंपन्यांच्या लक्षावधी मोटारी जगभर दुरुस्तीसाठी परत बोलावाव्या लागल्या; भारतातील हजारो गाड्याही त्यांत होत्या. उत्तम प्रयोगशाळा, कडक तपासणी आणि प्रचंड अनुभव असलेल्या कारखान्यात हे घडले. त्या मालिकेतील दोन पंप शेजारी शेजारी बसवून कोणी दहा लाखांत एक असे उत्तर काढले असते, तर त्याच्या गणितात चूक सापडली नसती. चूक गृहीतकात होती.

५

या प्रतिपादनावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचारार्ह आहेत.

पहिला असा की, मोटारींचा अनुभव विद्युत् पंपाच्या बाजूने आहे. दोन लाख किलोमीटर विनातक्रार चाललेला पंप आपण सर्वांनी पाहिला आहे. ताशी चाळीस किलोमीटरच्या सरासरीने ते पाच हजार तास होतात, आणि एवढे तास बहुतेक स्वनिर्मित विमाने आयुष्यात उडत नाहीत. आक्षेप खरा आहे. पण तो ज्या गोष्टीचे प्रमाण देतो ती गोष्ट पंप नसून पंपाची मांडणी आहे. मोटारीत पंप टाकीच्या तळाशी पेट्रोलात बुडालेला असतो, म्हणून त्यास ओढावे लागत नाही आणि तो थंड राहतो. त्याच्या तारांचे जोड कारखान्यात यंत्राने दाबलेले असतात. स्वनिर्मित विमानात तोच पंप काढून एंजिनाच्या आडभिंतीवर, टाकीच्या वर, कोरड्या जागी बसविला आणि त्याचे जोड हातपकडीने दाबले, तर पाच हजार तासांचा तो अनुभव त्या पंपाबरोबर विमानात येत नाही. तो मोटारीतच राहतो.

दुसरा आक्षेप यांत्रिक पंपाविषयी. जुना पडदापंप निर्दोष होता काय? मुळीच नव्हे. त्याचा पडदा फाटतो; एंजिनास चिकटून असल्याने तो स्वतः तापतो; आणि टाकीपासून दूर असल्याने त्यास लांबून ओढावे लागते. वाफेच्या बाबतीत टाकीच्या तळाशी बसविलेला विद्युत् पंप त्याच्याहून निःसंशय श्रेष्ठ आहे. प्रस्तुत लेखकाचा आग्रह यांत्रिक पंपाकडे परत जाण्याचा नाही. मुद्दा एवढाच की, एक यांत्रिक आणि एक विद्युत् अशा जुन्या जोडीत दोघांचे दोष भिन्न होते. जनित्र गेले तरी पहिला चाले, पडदा फाटला तरी दुसरा चाले. ही भिन्नता त्या रचनेत न मागता मिळत होती. दोन सारखे विद्युत् पंप बसविताना ती हरवते, आणि मग ती प्रयत्नपूर्वक निर्माण करावी लागते.

६

विमानशास्त्राच्या नियमकारांना हे ठाऊक नव्हते असे नाही. अमेरिकेच्या लहान विमानांच्या प्रमाणीकरणाचे जे नियम २०१७ पर्यंत तपशीलवार स्वरूपात अमलात होते, त्यांच्या तेविसाव्या भागातील ९९१ क्रमांकाच्या कलमात आपत्कालीन पंपाची वीज किंवा शक्ती मुख्य पंपाच्या शक्तीपासून स्वतंत्र असली पाहिजे, असे स्पष्ट म्हटले होते. त्याच भागातील ९५५ क्रमांकाच्या कलमाने प्रवाहाचे माप ठरविले होते: पंपाने पुरवठा होत असेल तर उड्डाणाच्या वेळी एंजिनास लागणाऱ्या इंधनाच्या सव्वापट, आणि गुरुत्वाने होत असेल तर दीडपट. 'पंप दोन असावेत' एवढ्यावर हे नियम थांबत नव्हते. दोघांच्या स्वातंत्र्याची आणि प्रवाहाच्या प्रत्यक्ष मापाची ते मागणी करीत होते. परंतु हौशी निर्मात्याच्या विमानास हे नियम बंधनकारक नव्हते. स्वातंत्र्याची मोकळीक ज्याला मिळाली, त्यालाच ती अट पाळण्याची गरज सर्वाधिक होती, हा यातील विरोधाभास.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये हौशी निर्मात्यांच्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ मध्ये त्या देशातील सर्वसाधारण विमानांच्या ताफ्यात अशी विमाने सुमारे दहा टक्के होती. अपघातांत त्यांचा वाटा पंधरा टक्के आणि प्राणघातक अपघातांत एकवीस टक्के होता. शक्तियंत्रणेचा बिघाड आणि हवेत ताबा सुटणे ही दोन कारणे अग्रभागी होती. मंडळाने ज्या शिफारशी केल्या, त्यांत इंधनव्यवस्थेच्या प्रत्यक्ष चाचणीची पद्धत ठरवावी आणि अनुमती देण्यापूर्वी त्या चाचणीचा अहवाल निर्मात्याकडून मागावा, ही एक होती.

या अहवालाचे मोल मान्य करूनही त्यावर एक टीका करावीशी वाटते. उड्डाणापूर्वीची एकवेळची चाचणी व्यवस्था त्या दिवशी चालते एवढेच सिद्ध करते. राखीव पंपाचा धोका त्याच्या मौनात असतो. मुख्य पंप बिघडला तर लगेच कळते. राखीव पंप बिघडला तर तो मागितला जाईपर्यंत कोणास कळत नाही. राखीव पंप सरासरी दोन हजार तासांत एकदा बिघडतो आणि त्याची तपासणी शंभर तासांनी होते असे धरले, तर कोणत्याही क्षणी तो मृत असण्याची शक्यता चाळिसात एक एवढी भरते. तोच पंप प्रत्येक तासाभराच्या उड्डाणापूर्वी एकट्याने चालवून पाहिला तर ती चार हजारांत एक होते. पंप तोच, खर्च शून्य, आणि लाभ शंभरपट. येथे एक दक्षता मात्र हवी. दोन्ही पंप एकदम चालू ठेवून दाबमापकाकडे पाहिले तर काहीच कळत नाही, कारण नियामक दाब स्थिर राखतो आणि एक पंप मेला तरी काटा हलत नाही. प्रत्येक पंप एकेकट्याने, एंजिन पूर्ण शक्तीवर असताना, पाहिला पाहिजे. समांतर जोडलेल्या पंपांत परतझडप उघडीच अडकली असेल, तर चालू पंपाचे पेट्रोल बंद पंपातून उलट टाकीत जाते. तो दोषही याच वेळी उघड होतो, एरवी होत नाही.

७

एवढ्या चिकित्सेनंतर निष्कर्ष थोडक्यात मांडता येईल. दोन पंप हे 'दोन' केव्हा मानावेत? दोघांची वीज उगमापासून परतीच्या तारेपर्यंत वेगळी असेल तेव्हा. दोघांना इंधन एकाच गाळणीतून मिळत नसेल तेव्हा. दोघेही टाकीच्या तळाशी, थंड जागी, ओढण्याऐवजी ढकलत असतील तेव्हा. दोघे एका मालिकेतील जुळे नसतील तेव्हा. आणि दोघेही आज, या उड्डाणापूर्वी, स्वतंत्रपणे चालताना पाहिले असतील तेव्हा. यांतील जितक्या अटी सुटतील तितके दोनाचे एक होत जाते. तक्त्यावर मात्र आकडा दोनच दिसत राहतो, आणि वैमानिकाचा विश्वास त्या आकड्यावर असतो.

निर्मात्यांना दोष देऊन आपल्या विद्याशाखेची जबाबदारी संपत नाही. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी जी वसाहत उभारली, ती आज सांगली जिल्ह्यात आहे आणि पंपांच्या निर्मितीसाठी देशभर ओळखली जाते. पाणी उचलण्याचे शास्त्र या दोन जिल्ह्यांत घराघरांत मुरलेले आहे. कऱ्हाडला धावपट्टी आहे. इथेनॉल येथेच निघते. असे असता तापविलेली एक टाकी, तिच्यावरील हवेचा दाब कमी करण्याची सोय, वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आणि निरनिराळ्या जातींचे चार-सहा पंप एवढ्या सामग्रीवर, कोणत्या तापमानास व कोणत्या उंचीस कोणता पंप वाफ धरतो, याचे मोजमाप एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास दोन सत्रांत करता येण्याजोगे आहे. ज्वलनशील द्रवाच्या प्रयोगास लागणारी दक्षता घेऊन ते अवश्य व्हावे. आपल्या हवामानासाठी, आपल्या इंधनासाठी आणि आपल्या उंचीसाठी आपण स्वतः मोजलेले आकडे हाती असणे, हे पाटणच्या किंवा विट्याच्या पुढच्या निर्मात्यास दिलेले खरे साहाय्य होईल.

आणि अध्यापनाविषयी एक शब्द. विश्वसनीयतेच्या प्रश्नाचे उत्तर तपासताना गुणाकार बरोबर आहे की नाही, हे यापुढे शेवटी पाहावे. प्रथम विद्यार्थ्यास विचारावे की, डीपी किती आहेत.